म्हशीचं क्लोनिंग करून देतो म्हणून आगाऊ पैसे मागतोय, द्यावेत का?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, गोठा करवीर तालुक्यात. आबांची एक मुऱ्हा म्हैस आहे, चिमी. सहावं वेत झालं. भरात असताना दोन्ही वेळचं मिळून सोळा लिटर द्यायची. मी धारेला बसलो की पान्हा चोरणार, आबांनी नुसतं खाकरलं तरी सोडणार. पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपिसं लावून मिरवायचा पहिला मान तिचाच. तिच्या तीन रेड्या झाल्या, पण आईच्या जवळपासही एक गेली नाही.

गेल्या महिन्यात जनावरांच्या बाजारात एकजण भेटला. म्हणे, कानाचं थोडं कातडं द्या, दीड वर्षात हुबेहूब चिमी गोठ्यात आणून बांधतो. आगाऊ पन्नास हजार. आबा एका पायावर तयार. त्यांचं म्हणणं, "ऊस न्हाई व्हय आपण डोळं लावून करत? मग म्हशीला काय धाड भरलीया?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. खरंच, डोळा म्हणजे कांडीवरचा कोंब, त्यातून तोच ऊस पुन्हा उगवतो. आमचा सगळा को ८६०३२ जातीचा ऊस एकमेकांचा क्लोनच की!

मग वाचायला बसलो. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत फेब्रुवारी २००९ मध्ये पहिलं क्लोन रेडकू झालं, ते न्यूमोनियाने काही दिवसांतच गेलं. जूनमध्ये गरिमा झाली, तीही जेमतेम दोन वर्षं जगली. २०१० ची गरिमा-२ मात्र पुढे २०१३ मध्ये नेहमीसारखी व्याली. म्हणजे होतं, पण कशाच्या जिवावर? डॉली मेंढीच्या वेळी २७७ बीजांडांवर प्रयोग झाला, त्यातले २९ गर्भ मेंढ्यांच्या पोटात ठेवले, आणि जन्मली एकटी डॉली. क्लोनचे गर्भ बरेचदा पडतात, पिल्लू वाजवीपेक्षा मोठं होऊन आई अडते. मागच्या साली आमची एक म्हैस अडली होती. रात्री दोनला डॉक्टर रेडकू ओढत होते आणि आबा बाहेर उकिरड्याजवळ तोंड फिरवून बसलेले. एका चिमीसाठी दहा म्हशींचे असे हाल त्यांना बघवतील का?

आईचा मुद्दा वेगळाच: देवाच्या कामात हात घालू नये. आता आबा रोज सकाळी जे इन्सुलिन टोचतात ते माणसाचं जनुक जंतूंमध्ये घालूनच बनवलेलं, आणि चिमी जी सरकी पेंड खाते ती बीटी, म्हणजे जंतूचं जनुक घातलेल्या, कापसाची. हे आईला सांगितलं तर इन्सुलिनच बंद करायला लावेल, म्हणून गप्प आहे.

तर, पैसे द्यावेत का? आणि आबांना कसं समजवावं?

प्रतिसाद: गोठ्यावरचा डॉक्टर
एक रुपया देऊ नका. क्लोनिंग म्हणजे दुसऱ्या जनावराच्या बीजांडातलं केंद्रक काढायचं, तिथे तुमच्या म्हशीची पेशी बसवायची, गर्भ प्रयोगशाळेत वाढवायचा आणि मग तिसऱ्याच जनावराच्या पोटात ठेवायचा. २०२३ मध्ये कर्नालला गंगा नावाची गीर गाईची क्लोन कालवड झाली, तेव्हा बीजांड साहिवालचं होतं आणि पोट संकरित गाईचं. बाजारात हिंडणाऱ्या माणसाचं हे काम नव्हे. शिवाय रक्त तेच आलं तरी सोळा लिटर येईलच असं नाही, निम्मं दूध वैरणीत आणि निगराणीत असतं. चिमी गाभण राहत असेल तर चांगल्या वंशावळीच्या रेड्याची लिंगनिर्धारित रेतमात्रा (मादीच व्हावी म्हणून वेगळं काढलेलं वीर्य) भरून घ्या, दहात नऊ वेळा रेडी होते.

प्रतिसाद: आडसाली
आबांच्या उसाच्या मुद्द्याबद्दल. उत्तर प्रदेशात जिकडे तिकडे को ०२३८ एकच जात लावली, लाल कुज हा रोग आला आणि फडच्या फड वाळले. सगळी एकाच रक्ताची असली की रोगाला सोपं जातं. आणि उसाचा डोळा काढताना ऊस ओरडत नाही हो.

धागाकर्ता
आभार. दोन्ही प्रतिसाद आबांना वाचून दाखवले. उसाचं पटलं. बाकीच्यावर बराच वेळ तंबाखू मळत बसले, मग म्हणाले, "त्या पाव्हण्याला फोन लाव आन् इचार, ती नवी चिमी मी खाकरल्यावर पान्हा सोडंल काय."

लावला. उचलत नाही.