चादरीचं माप धुतल्यावरचं धरा
मागावर विणायच्या डबल बेडच्या चादरीचं माप किती धरायचं, यावर कुणी '९० बाय १०८ इंच ठरवून टाका' म्हणालंय, ते पटलं. ६० बाय ७८ ची, ६ इंच जाड गादी झाकून चारी बाजूंनी ९-९ इंच खोचायला उरतात. पण हे माप धुतल्यानंतरचं! सुती कापड मागावरून उतरून पहिल्या धुण्यापर्यंत साधारण दहा टक्के आटतं, म्हणजे फणीत (मागावर उभे धागे ओळीत धरणारा कंगवा) १०० इंच पन्हा, म्हणजे रुंदी, हवा. एवढा रुंद माग मला साताऱ्यात काही मिळाला नाही. ५० इंची दोन पट्टे विणून काठाला काठ जोडतो. मधली शिवण गिऱ्हाइकाला आधीच दाखवायची.

टॉवेल ३० बाय ६०. माझी पहिली खेप फणीत ३० धरून विणलेली, धुतल्यावर २७ भरली. घरात अजून तेच वापरतोय. आता ३३-३४ धरतो.