दोन्ही माल स्वस्त, तरी आयात का?
"पोर्तुगाल वाइन आणि कापड दोन्ही इंग्लंडपेक्षा कमी श्रमात करतो, मग त्यानं आयात कशाला करावी?" या प्रश्नात वाइनसाठी पोर्तुगालला लागणाऱ्या 80 माणसांची तुलना थेट इंग्लंडच्या 120 शी होतेय. गफलत तिथेच आहे.

इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोचे 1817 चे आकडे घ्या. ठराविक मापाच्या मालाला वर्षभर लागणारी माणसं: पोर्तुगालात वाइनला 80, कापडाला 90; इंग्लंडात वाइनला 120, कापडाला 100. आधी प्रत्येक देशातलं गुणोत्तर काढा. एक माप वाइनसाठी पोर्तुगाल 80/90 म्हणजे 0.89 माप कापड सोडतो, इंग्लंड 1.2 माप. व्यापाराचा दर या दोहोंच्या मधे कुठेही ठरला तरी दोघांचा फायदा. एकास एक धरला, तर पोर्तुगालचे 10 आणि इंग्लंडचे 20 माणसांचे श्रम वाचतात.

मजुरीचा भाग बहुतेक जण विसरतात. इंग्लंडची मजुरी पोर्तुगालच्या 67 ते 90 टक्क्यांच्या मधे असेल तरच हे जमतं. 90 च्या वर गेली की इंग्लिश कापड महाग पडतं, 67 च्या खाली आली की वाइनही इंग्लंडातच स्वस्त होते.

आणखी एक: भांडवल देशाबाहेर जात नाही, हे यात गृहीत आहे. ते मोकळं सुटलं तर दोन्ही धंदे पोर्तुगालातच जातील. हे रिकार्डोनं स्वतःच मान्य केलंय. शिवाय हा व्यापार निव्वळ 'नैसर्गिक' नव्हताच. इंग्लंड-पोर्तुगालमधल्या 1703 च्या मेथ्युएन करारानं इंग्लंडात पोर्तुगीज वाइनला फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात होती. 80 हा आकडा मुळात 80 का, हे मात्र रिकार्डोला विचारू नका. तो प्रांत मायकेल पोर्टरचा, म्हणजे देशांची स्पर्धाक्षमता कुठून येते हे अभ्यासणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञाचा.