होडीसाठी मापाचे आच्छादन शिवून घ्यावे का?

प्रश्न : मालवण किनाऱ्यावरील माझी 22 फुटी फायबरची होडी 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात वर ओढून ठेवलेली असते. साधी ताडपत्री दरवर्षी फाटते, तेव्हा मापाचे आच्छादन शिवून घेणे परवडेल काय?

उत्तर 1 : ताडपत्री बहुधा वाऱ्याने फडफडून आणि काठाशी घासून फाटते, मापाचे आच्छादन ताणून बसत असल्यामुळे तो प्रकार कमी होतो. मात्र खाली आडवा वासा देऊन उतार केला नाही, तर पाणी साचून महागडे कापडही लोंबेल.

उत्तर 2 : हवा खेळती ठेवावी, अन्यथा आत बुरशी धरते. केवळ दोन महिन्यांसाठी मी एवढा खर्च करणार नाही. आमच्याकडे झावळ्यांचे छप्पर अजून चालते.

प्रश्नकर्ता : होडी उन्हाळ्यातही उघडीच असते, म्हणून शिवूनच घेतो, इंजिन मात्र घरी नेईन.