मिक्सरवरून रेकॉर्डिंग: हेडफोनवर ऐकू येतं, मोबाइलवर गाणं गायब

खर्जातला_सा
घरगुती बैठकीचं रेकॉर्डिंग आहे. मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (मुख्य आउटपुटशिवायचं जादा आउटपुट, ६.३५ मिमी) हातात मावणाऱ्या रेकॉर्डरच्या ३.५ मिमी लाइन-इनमध्ये बाजारात मिळणारी तयार स्टिरिओ केबल लावली आहे. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

हेडफोनवर आवाज येतो, पण मधोमध बसत नाही, डोक्यामागून आल्यासारखा वाटतो. तीच फाइल मोबाइलच्या एकाच स्पीकरवर लावली की गळा, पेटी, तबला सगळं जवळजवळ नाहीसं होतं आणि घूं तेवढी उरते. रेकॉर्डर बॅटरीवर चालवला तर घूं जाते, अडॅप्टर लावला की परत येते. एक्सएलआरमधून (माइकची तीन पिनांची जोडणी) घेतलं तर लेव्हल २ वर ठेवूनही आवाज फाटतो. रेकॉर्डरचा जॅक गेलाय का? पुढची बैठक तीन तासांची आहे.

सोल्डरवाला
जॅक शाबूत आहे, केबल चुकीच्या कामाला लावली आहे. तुमचा ऑक्स आउट बॅलन्स्ड आहे, म्हणजे एकच सिग्नल दोन तारांवर सुलट-उलट पाठवणारा. प्लगचं टोक म्हणजे टिप, मधलं कडं रिंग, मागचा भाग स्लीव्ह. त्याच्या टिपवर सिग्नल असतो आणि रिंगवर तोच सिग्नल उलटा असतो. स्टिरिओ केबलने टिप डाव्या चॅनलला आणि रिंग उजव्या चॅनलला गेली. मोबाइल दोन्ही चॅनलची बेरीज करतो, त्यात सुलट आणि उलट एकमेकांना खाऊन टाकतात. घूं मात्र दोन्हीकडे एकाच दिशेने येते, म्हणून ती उरते.

(काही मिक्सरांत रिंगवर सिग्नल नसतोच, फक्त समान इम्पिडन्स (विद्युत अडथळा) असतो. तिथे उजवा चॅनल मुका राहतो. तुमच्याकडे दोन्ही वाजतायत, म्हणजे हा प्रकार नाही.)

आधीच्या फाइली टाकू नका. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) स्टिरिओ ट्रॅक दोन मोनोंत तोडा, उजवा उलटा करा (इन्व्हर्ट) आणि मग दोन्ही मिसळा. नुसता उजवा काढून टाकण्यापेक्षा हे बरं, कारण उलटवल्यावर गाणं जुळतं आणि दोन्हीकडची सारखी घूं कापली जाते.

नवी केबल अशी जोडा: ६.३५ मिमी प्लगची टिप ३.५ मिमी प्लगच्या टिप आणि रिंग दोन्हींना, स्लीव्ह स्लीव्हला. मोठ्या प्लगची रिंग मोकळी सोडा, मिक्सरचं मॅन्युअल वाचल्याशिवाय स्लीव्हला टेकवू नका. एक आउटपुट दोन इनपुटांना देणं चालतं, दोन आउटपुट एकत्र बांधणं चालत नाही.

खर्जातला_सा
उलटवून पाहिलं. गाणं मधोमध आलं, घूं बरीच कमी झाली. मग हीच केबल ठेवून दर वेळी उलटवत गेलं तर?

सोल्डरवाला
चालेल, पण दोन्ही चॅनलची लेव्हल तंतोतंत सारखी हवी. १ टक्का फरक पडला तरी घूं साधारण ४० डीबीपलीकडे (डेसिबल) दबत नाही. शिवाय कुणीतरी न उलटवलेली फाइल तशीच पुढे पाठवणार, हे नक्की. केबल नीट करा.

बायाँ_घुमारा
एक्सएलआरचं फाटणं वेगळं आहे. मिक्सरची लाइन लेव्हल +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, माइकची काही मिलिव्होल्ट. अनेक रेकॉर्डरांत एक्सएलआर थेट माइकच्या प्रीअँपला (क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) जातो आणि लेव्हलचा आकडा त्याच्यानंतर काम करतो. म्हणून आकडा २ असला तरी फाटायचं ते आधीच फाटलेलं असतं. ओळखायची खूण: वेव्हफॉर्मचा माथा ० डीबीवर (रेकॉर्डरची कमाल पातळी) नाही, −१० च्या आसपासच सपाट कापलेला दिसतो. २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारा जोड) लावा, किंवा रेकॉर्डरच्या मेनूत इनपुट 'लाइन' करता येतं का बघा. ४८ व्होल्ट फँटम (माइकला केबलमधून मिळणारी वीज) मात्र आधी बंद करा.

ऑक्स उगाच तळाशी नेऊन ठेवू नका, मग मिक्सरचाच खरखराट वर येतो. ऑक्स प्री-फेडर (फेडरच्या आधीचा सिग्नल) घ्या, नाहीतर स्पीकरसाठी फेडर हलवला की रेकॉर्डिंगही हलतं. लेव्हल सरासरी −१८ डीबी, तबल्याचे ठोके −६ च्या आत. ऑटो लेव्हल बंद, नाहीतर गायक थांबला की तानपुरा फुगतो. लो-कटही (खालचे सूर कापणारा फिल्टर) बंद, ८० हर्ट्झवर कापलं की बायाँची घुमक जाते.

सोल्डरवाला
घूं कुठून येते ते शोधायला तीस-तीस सेकंदांची तीन रेकॉर्डिंगं करा, लेव्हल न हलवता: रेकॉर्डरला काहीच न जोडता, नुसती केबल लावून मिक्सरकडचं टोक मोकळं ठेवून (इथे थोडी घूं येणारच), आणि केबल मिक्सरला जोडून, मिक्सर चालू पण फेडर व ऑक्स खाली. पहिल्यातच आवाज असेल तर रेकॉर्डर किंवा त्याचा अडॅप्टर. तिसऱ्यात नव्याने ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी दिसल्या तर अर्थिंगचा लूप (दोन उपकरणं अर्थ आणि केबल अशा दोन वाटांनी जोडली जाऊन झालेलं वर्तुळ). तीन तासांसाठी पॉवर बँक वापरली की लूप तुटतो. ती चालत नसेल तर मिक्सर आणि रेकॉर्डरच्या मध्ये, ऑडिओ केबलवर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांचा थेट जोड न ठेवता सिग्नल पुढे देणारा). अडॅप्टरचा अर्थ पिन कापण्याचा उद्योग कुणी सांगितला तरी करू नका.

केबल तपासताना मल्टिमीटरवर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १ ओहमच्या आत, आणि टिप-स्लीव्हमध्ये जोड अजिबात दिसता कामा नये. पण स्थिर केबल खोटं बोलते. १ किलोहर्ट्झचा टोन सोडून रेकॉर्ड करा आणि प्लगपासून पाच सेंटीमीटरपर्यंतचा भाग हळू वाकवत राहा. टोन तुटला, कुरकुरला की सोल्डर तिथेच सुटलेलं आहे.

बायाँ_घुमारा
तीन तासांचे स्टिरिओ साधारण ३.१ जीबी होतात. काही रेकॉर्डर २ जीबीला फाइल तोडतात, जोडाच्या जागी आवाज गळतो का ते घरी सव्वादोन तास नुसता टोन चालवून बघा. आणि मोबाइल केबलपासून हातभर लांब.