अनुभव धागा : कॉलेजातून वॉर्डात, परिचारिकेचे पहिले महिने

अमेरिकी संशोधक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये, नव्याने रुजू झालेल्या परिचारिकांना शिकलेले आणि प्रत्यक्षातले काम यांच्यातील अंतरामुळे जो हादरा बसतो, त्याला ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. तो आपण कसा अनुभवला आणि शिक्षणाने त्यासाठी कितपत तयार केले होते, हे रुग्ण व रुग्णालय यांची ओळख न देता कृपया सविस्तर लिहावे.

स्टाफ नर्स, मेडिकल वॉर्ड

जीएनएमच्या (नर्सिंगच्या पदविका अभ्यासक्रमाच्या) तीन वर्षांत मी एका वेळी एकाच रुग्णाचा केअर प्लॅन लिहीत आले, आणि पहिल्याच नाइट ड्यूटीला माझ्याकडे संपूर्ण वॉर्ड आला. नाडी मोजली, रक्तदाब घेतला. श्वसनाचा दर मात्र बहुतेकांच्या चार्टवर आधीपासून २० लिहिलेला होता, म्हणून मीही न मोजता २० लिहिला. पहाटे सीनियर सिस्टर एका आजोबांच्या खाटेशी थांबल्या, घड्याळ धरून पूर्ण मिनिट श्वास मोजले, ते ३४ भरले. डॉक्टरांना तातडीने बोलावले गेले आणि आजोबा वाचले. सिस्टर मला रागावल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या खाटेवरचे श्वास माझ्याकडून मोजून घेतले. पुढे एम.एस्सी.ला अमेरिकी नर्सिंग अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांची १९८४ची मांडणी अभ्यासली. नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच टप्प्यांत ‘सक्षम’ हा तिसरा टप्पा त्याच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे घालवल्यावर येतो, असे त्या सांगतात. मला मात्र पहिल्याच रात्री सक्षम धरले गेले होते. ही चूक माझी होतीच, पण व्यवस्थेचीही होती, असे मला आजही ठामपणे वाटते.

पाठ्यनिर्देशिका, नर्सिंग कॉलेज

अमेरिकेतील दहा नर्सिंग अभ्यासक्रमांत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वॉर्डातील प्रात्यक्षिकाचे निम्म्यापर्यंत तास दर्जेदार सिम्युलेशनने (खऱ्यासारखा प्रसंग उभा करून दिलेल्या सरावाने) भरून काढले तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत फरक पडला नाही. ‘दर्जेदार’ या शब्दातच सारे आले : प्रशिक्षित शिक्षक हवेत, आणि प्रसंग संपल्यावर सविस्तर चर्चा हवी. मी पूर्वी जिथे शिकवत होते, तिथे मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, कॉलेजच्या तपासणीच्या दिवशीच कपाटाबाहेर येई. आता मी साध्या पुतळ्यावरच प्रसंग उभा करते आणि नंतर प्रत्येकीला विचारते, “तुला आधी काय दिसलं, आणि तू कुणाला हाक मारलीस?” हाक कधी मारायची, हे मुलींना सर्वांत उशिरा उमगते.

परिचारिका, सध्या ब्रिटन

येथील नोंदणीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्णाला काय सांगता, हेही तपासतात. रुजू झाल्यावर पहिले काही आठवडे मला मनुष्यबळात धरले नव्हते. एक अनुभवी परिचारिका सतत सोबत होती.

इन्चार्ज सिस्टर, सर्जिकल वॉर्ड

आमच्याकडे इतके मनुष्यबळ नाही. तरीही नव्या मुलीला पहिला आठवडा चारच खाटा देते आणि हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना द्यायची रुग्णांची माहिती, तिच्याच तोंडून ऐकते. गेल्या महिन्यात एक जण चौथ्या दिवशी म्हणाली, “सिस्टर, या ताईंचा ड्रेन सकाळपासून रिकामाच आहे, नळी अडकली असेल का?” शस्त्रक्रियेच्या जागेतला द्रव बाहेर नेणारी ती नळी खरोखरच अडकली होती.