‘मॉडरेशन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित (एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या) समाजमाध्यमांवर वागणे सभ्य आणि वावर सुरक्षित राहावा म्हणून कोणती रचना उपयोगी पडते, यावर मी लेख लिहीत आहे. त्यात ‘मॉडरेशन’साठी, म्हणजे आक्षेपार्ह लेखन-वर्तनाला आवर घालण्यासाठी, ‘नियंत्रण’ आणि एका सर्व्हरने दुसऱ्याशी व्यवहार थांबवण्यासाठी ‘वाळीत टाकणे’ हे शब्द योजले आहेत. ते योग्य वाटतात का?

प्रतिसाद १ : ‘नियंत्रण’ खटकते, कारण त्यातून सर्व सूत्रे एका हाती असल्याचा बोध होतो आणि येथे तर प्रत्येक सर्व्हर आपले नियम स्वतः ठरवतो. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना परीक्षकावर ‘नियामक’ असतो. इंग्रजीत तोच मॉडरेटर. परीक्षकाचा हात फार सैल किंवा फार आखडता तर नाही ना, हे तो निवडक उत्तरपत्रिका पाहून ठरवतो. हा अर्थ आपल्या विषयाला जवळचा असल्याने ‘नियमन’ घ्यावे. (वीज नियामक आयोग आठवला तरी बिघडत नाही.)

‘वाळीत टाकणे’ मात्र टाळावे, साधे ‘संबंध तोडणे’ म्हणावे. त्या शब्दामागे जातपंचायतींचा जाच आहे आणि महाराष्ट्रात २०१६च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे. उलट २०१९मध्ये गॅब हे द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध संकेतस्थळ मॅस्टोडॉनची प्रणाली वापरू लागले, तेव्हा ती मुक्त (कोणालाही वापरता येणारी) असल्यामुळे त्याला कोणी रोखू शकत नव्हते. अनेक सर्व्हरांनी आपापल्या बाजूने त्याच्याशी संबंध तोडले, एवढेच त्यांच्या हाती होते. शिवाय संपूर्ण तोडण्याआधी ‘मर्यादा घालणे’ ही पायरीही आहे : त्या सर्व्हरवरचे लेखन सार्वजनिक प्रवाहात दिसत नाही, पण तेथील ज्यांना आपण अनुसरतो त्यांचे दिसत राहते. वाळीत टाकण्यात अशी मधली पायरी कोठे असते?

प्रतिसाद २ : ‘नियमन’ मान्य. ‘वाळीत’बद्दलचा आक्षेपही पटतो, तरी त्या शब्दात एक खरी गोष्ट होती. सर्व्हरशी संबंध तोडला की तेथील निरुपद्रवी माणसांचे अनुयायीही तुटतात, म्हणजे एका घराच्या आगळिकीची शिक्षा सगळ्या आळीला. त्याऐवजी ‘संबंधविच्छेद’सारखा कागदी शब्द घेतला, तर तो ती झळ झाकून टाकतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग ‘नियमन’ आणि ‘संबंध तोडणे’ हेच ठेवतो, आणि संबंध कोणाकोणाचे तुटतात हे त्याच वाक्यात लिहितो.