अनुभव धागा: कॉलेजच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवताना

तासिकावाली
काल ड्रॉवर साफ करताना टाचण्यांच्या डबीत एक करडा रबरी गोळा सापडला. लेक म्हणाली आई हे काय, मांजराचं खेळणं? अगं माऊसचा बॉल! २००२ ला तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर लागले, बीएच्या पहिल्या वर्षाला बेसिक कॉम्प्युटर. आठ मशीन, चाळीस पोरं, एका माऊसवर पाच हात. पोरं जाताना माऊसचा बॉल काढून खिशात घालायची (त्याचं करायची काय देव जाणे), म्हणून तास संपला की मी माऊस उलटे करून बॉल मोजायची. चपला दाराबाहेर, लाइट गेली की यूपीएस बोंबलायचा. "माऊस वर न्या" म्हटलं तर एका मुलीनं खरंच उचलून स्क्रीनला टेकवला. सगळे हसले, पण तिचं काय चुकलं, मीच वर म्हटलं होतं ना! दुसऱ्या दिवसापासून "पुढे सरकवा" म्हणायला लागले.

आता परत तोच पेपर शिकवतेय. पोरं भीत नाहीत अजिबात, रील काय एडिट करतात, सबमिशन काय मोबाईलवर टाइप करतात. पण फाइल कुठे सेव्ह केलीस विचारलं की "वर्डमध्ये". अरे वर्डमध्ये कुठे? "मॅडम वर्डमध्येच." फोल्डर म्हणजे काय हे फळ्यावर कपाट काढून सांगावं लागतं आणि ते जास्त अवघड जातंय, कारण तेव्हाच्यांना आपल्याला येत नाही हे माहीत तरी होतं. तुमचेही लिहा, शिकवणारे शिकणारे दोन्ही.

चहाबाज
बॉल जाऊ दे, आतल्या त्या चाकांवर साचलेली मळाची वळी नखानं काढायची!! ते सुख लेझर माऊसवाल्यांना काय कळणार

आकडेमोड
परीक्षा विभागात आहे, शिकवत नाही पण रोज शिकवावंच लागतं. वर्गप्रतिनिधीकडून यादी मागवली, १६ आकडी नोंदणी क्रमांक, १२० पोरं, सगळ्यांचा शेवटचा आकडा शून्य. एक्सेल १५ आकड्यांपुढचं धरतच नाही. म्हटलं बाळा कॉलम आधी टेक्स्ट कर मग नंबर टाक. त्यानं आहे त्याच यादीचा कॉलम टेक्स्ट केला आणि परत पाठवली, शून्यं जागच्या जागी. सर केलं की टेक्स्ट! अरे गेलेला आकडा परत कुठून येईल राजा. शेवटी दोघांनी बसून परत १२० टाकले, चहा त्यानं पाजला. आणि बॅच ५-२ लिहिलं की ५ फेब्रुवारी होतं ते वेगळंच.

लीड्सकरीण
@आकडेमोड तारखांचं नाव काढू नका. इकडे एमएस्सीच्या पोरांना डेटा हाताळायला शिकवते. मार्च-वन नावाचा एक जीन (जनुक) होता, एक्सेलमध्ये टाकला की १ मार्च. सेप्टिनवाल्यांचं नाव सेप्ट-वन, त्याचं १ सप्टेंबर. इतकी वर्षं हे चाललं की २०२० मध्ये जीनला नावं देणाऱ्या समितीनंच नावं बदलली, आता ते मार्चएफ-वन आणि सेप्टिन-वन झालेत. वर्गात सांगितलं की सगळे हसतात आणि त्याच आठवड्याच्या असाइनमेंटमध्ये तारखा येतात 😭 फोल्डरचं रडगाणं इकडेही सेम. फाइल कुठाय तर "डाउनलोड्स", जगाचा उकिरडा आहे तो. मराठी टायपो माफ करा बसमध्ये आहे

पुसदचा पोऱ्या
मी शिकणारा. बारावीनंतर अ‍ॅडमिशनचा फॉर्म गावातल्या कॅफेवाल्या दादानं भरला. मेल आयडी त्याचा, पासवर्ड त्याचा, मोबाईल नंबर पण त्याचाच. कॉलेजात सर म्हणले स्वतःचा मेल उघडा तर मी म्हणलो सर दादाला फोन करावा लागेल. पूर्ण वर्ग हसला, सर नाही हसले, त्यांनी विचारलं अजून कोणाकोणाचं असं आहे, तर हळूहळू अर्ध्याच्या वर हात वर. स्कॉलरशिपच्या वेळेस तर ओटीपीसाठी बसनं गावाला गेलतो मी, दादा लग्नाला गेला होता. सरांनी दोन तास फक्त आयडी काढायला अन् पासवर्ड लक्षात ठेवायला दिले. पोर्शन मागं पडला म्हणून त्यांना बोलणी बसली म्हणे. आज मीच गावातल्या पोरांचे फॉर्म भरून देतो पण समोर बसवून, नंबर ज्याचा त्याचा.

तासिकावाली
@पुसदचा पोऱ्या वाचून गप्पच झाले रे. उद्या वर्गात आधी हेच विचारते.

मंद दिवा
आमच्या मॅडमनी माऊस हातात बसावा म्हणून पहिले चार दिवस सॉलिटेअर खेळवलं, पत्ता उचल, ओढ, सोड. पाचव्या दिवशी प्राचार्य राउंडला, तीसच्या तीस स्क्रीनवर पत्ते. पुढचं सांगत नाही.
स्क्रीनशॉट मागवला की मोबाईलनं काढलेला मॉनिटरचा फोटो येतो हे फक्त माझ्याकडेच का? त्यात पंख्याचं रिफ्लेक्शन आणि अंगठा.

चहाबाज
@मंद दिवा राणी कोणाची अडकली होती ते तरी सांगा 😄

आक्का
माझं एमए मराठीचं. प्रबंध "सुरेख" नावाच्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतला, पैसे मोजून, फ्लॉपीत घेऊन दुसरीकडे प्रिंटला गेले तर तिथे तो फॉन्टच नाही, सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. तुकोबांचे अभंग म्हणून डॉलर आणि कंस!! रडले तिथेच. आता एमएच्या मुलींना सगळ्यात आधी युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते) आणि इनस्क्रिप्ट (देवनागरीचा कीबोर्ड), मगच बाकीचं. कुरकुर करतात, फोनवर बोलून टाइप होतं की म्हणतात. मग त्यांना "ज्ञानेश्वरी"तल्या ओव्या बोलून टाइप करायला लावते.
बाय द वे फ्लॉपी अजून आहे माझ्याकडे, कोणाकडे ड्राइव्ह आहे का? पुण्यात असाल तर बरं.

आकडेमोड
यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो आक्का. पण बुरशी आली असेल तर घालू नका, ड्राइव्ह पण जाईल

कंटाळा
आमच्याकडे कॉम्प्युटरची परीक्षा लेखी होती, सीपीयूची आकृती काढा ५ गुण. कॉम्प्युटरचा फुल फॉर्म पाठ केला होता, नंतर कळलं असा काही फुल फॉर्मच नसतो

मंद दिवा
@तासिकावाली आठ मशीन म्हणता, मग डबीत एकच बॉल? बाकीचे सात कुठायत?

तासिकावाली
तेच ना! त्या बॅचचा एक जण आता स्टँडसमोर मोबाईलचं दुकान चालवतो. परवा स्क्रीनगार्ड लावायला गेले तर स्वतःहून म्हणाला, मॅडम एक माझ्याकडंय अजून.

आक्का
केवढ्याला बसला स्क्रीनगार्ड? माझा पण गेलाय

तासिकावाली
१५०. मॅट नका घेऊ, अंधुक दिसतं.